खोकला-तापावर 'स्ट्राँग गोळी' खरंच लागते का? पुण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या ट्रायल्स काय सांगतात

पावसाळा सरत आला किंवा डिसेंबरची थंडी पडली की विश्रांतवाडी, धानोरी, कळस, टिंगरेनगर भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराविक मेसेज फिरायला लागतात. "घरात सगळ्यांनाच खोकला आहे, काय घ्यावं?" खाली लगेच उत्तरं येतात. कुणी अझिथ्रोमायसिनच्या पाकिटाचा फोटो टाकतं, कुणी लिहितं, "आम्हाला तीन दिवसांत फरक पडला." कुणी सिरपचं नाव सांगतं. मग कुणीतरी चौकातल्या मेडिकलमधून ती गोळी घेऊन येतं. तीन-चार दिवसांत बरंही वाटतं. पुढच्या वेळी तोच माणूस तो सल्ला दुसऱ्याला देतो.

यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण 'गोळी घेतली आणि बरं वाटलं' आणि 'गोळीमुळे बरं वाटलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यातला फरक कसा ओळखायचा, यावर गेल्या काही वर्षांत श्वसनाच्या आजारांबाबत जगभरात मोठं काम झालं. त्यातला महत्त्वाचा भाग पुण्यातूनही चालला. त्यातून काय हाती लागलं आणि आपल्या घरातल्या खोकल्यासाठी त्याचा काय उपयोग, ते समजून घेऊया.

आधी एक साधा प्रश्न: बरं कशामुळे वाटलं?

सर्दी, घसा धरणं, ताप, खोकला यांपैकी बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात. एच3एन2, आरएसव्ही, कोरोना किंवा एचएमपीव्ही ही त्यातली काही नावं. जानेवारी 2025 मध्ये एचएमपीव्हीची मोठी धास्ती पसरली, तेव्हा तो नवा विषाणू असल्याचे मेसेज फिरले. प्रत्यक्षात त्याचा शोध 2001 मध्ये नेदरलँड्समध्ये लागला होता आणि भारतातल्या मुलांमध्ये तो आढळल्याचं पुण्यातल्याच संशोधकांनी 2004 मध्ये लिहून ठेवलं होतं.

अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करतं, विषाणूंवर नाही. आणि विषाणूचा आजार बहुतेकांच्या शरीरात आपल्या गतीनेच ओसरतो. मार्च 2023 मध्ये एच3एन2ची साथ होती, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभरातल्या डॉक्टरांना एक सूचना दिली होती. त्यात म्हटलं होतं, की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. लोक अझिथ्रोमायसिन, अमॉक्सिक्लॅव्हसारखी अँटिबायोटिक्स घेऊ लागतात आणि बरं वाटलं की मध्येच सोडतात, हे थांबायला हवं, असंही त्यात सांगितलं होतं.

आता हिशेब करा. ताप सोमवारी आला. मंगळवारी रात्री गोळी सुरू केली. गुरुवारी ताप उतरला. गोळी घेतली नसती तरी तो गुरुवारीच उतरला असता का? एका माणसाच्या अनुभवातून याचं उत्तर कधीच मिळत नाही, कारण तोच माणूस तोच आजार गोळीविना पुन्हा काढू शकत नाही.

म्हणून डॉक्टरांना ट्रायल करावी लागते. सारख्या आजाराचे शेकडो रुग्ण घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडायचे. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी किंवा नेहमीचे उपचार. शेवटी दोन्ही गटांत किती बरे झाले, किती दगावले ते मोजायचं. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. नाहीतर धडधाकट रुग्णांना नवं औषध आणि थकलेल्यांना जुनं, असं नकळत होतं आणि औषध उगाचच गुणकारी वाटतं.

भोसरीतून सांभाळलेली जागतिक ट्रायल

विश्रांतवाडीतून आळंदी रस्त्याने दिघीकडे निघालं की भोसरी फार लांब नाही. तिथल्या एमआयडीसीत आयसीएमआरची एक संस्था आहे, 2020 मध्ये तिचं नाव राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होतं. पुणेकर तिला 'नारी' म्हणून ओळखतात. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनावरच्या औषधांसाठी 'सॉलिडॅरिटी' नावाची ट्रायल सुरू केली, तेव्हा तिच्या भारतातल्या भागाचं समन्वयन याच संस्थेकडे होतं. तिथल्या साथरोगशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. शीला गोडबोले या राष्ट्रीय समन्वयक होत्या.

या ट्रायलमध्ये चार औषधांची परीक्षा होती: रेमडेसिव्हिर, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लोपिनाव्हिर आणि इंटरफेरॉन. 30 देशांतल्या 405 रुग्णालयांत दाखल झालेले 11,330 रुग्ण त्यात होते. ऑक्टोबर 2020 मध्ये पहिले निकाल आले. चारपैकी एकाही औषधाने दाखल रुग्णांचे मृत्यू ठळकपणे कमी झाले नव्हते. नोव्हेंबर 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना रेमडेसिव्हिर देऊ नये, असा सल्ला दिला.

पुढचं पुणेकरांना सांगायला नको. एप्रिल 2021 मध्ये, म्हणजे निकालानंतर सहा महिन्यांनी, शहरात रेमडेसिव्हिरच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक रात्रंदिवस फिरत होते. ग्रुपवर नंबर फिरत होते, काळा बाजार होत होता. 11 एप्रिलला केंद्र सरकारने या औषधाची निर्यात बंद केली. त्या धावपळीत गेलेला वेळ, काढलेलं कर्ज आणि 'आपण इंजेक्शन मिळवू शकलो नाही' ही मनाला लागलेली टोचणी अनेक घरांत आजही आहे.

या निकालाची पुढची बाजूही सांगायला हवी. 2022 मध्ये सॉलिडॅरिटीचे अंतिम आकडे आले. रेमडेसिव्हिर मिळालेल्यांपैकी 14.5 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 15.6 टक्के. ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत किंचित फायदा दिसला: 14.6 विरुद्ध 16.3 टक्के. व्हेंटिलेटरवरच्यांना फायदा दिसला नाही. आजाराच्या सुरुवातीलाच, धोका जास्त असलेल्या रुग्णांना ते दिलं तर उपयोग होतो, असंही वेगळ्या ट्रायलमध्ये दिसलं आणि संघटनेने 2022 मध्ये आपला सल्ला त्याप्रमाणे बदलला. म्हणजे औषध खोटं नव्हतं. पण ज्या रुग्णांसाठी, आजाराच्या ज्या टप्प्यावर लोक ते शोधत होते, तिथे त्याचा फायदा फार तर थोडा होता. 'हे मिळालं नाही म्हणून माणूस गेला', असं त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ज्यांच्या मनात ती टोचणी आहे, त्यांनी हे जरूर वाचावं.

प्लाझ्मा आणि स्टिरॉइड: दोन उलट्या गोष्टी

त्याच काळात प्लाझ्मादात्यांसाठीही असेच मेसेज फिरत होते. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा आजारी माणसाला दिला की तो वाचेल, ही कल्पना ऐकायला पटण्यासारखी आहे. आयसीएमआरने ती तपासून पाहिली. देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर 'प्लॅसिड' नावाची ट्रायल झाली. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 19 टक्के रुग्णांचा आजार गंभीर झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत हे प्रमाण 18 टक्के होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये हे प्रसिद्ध झालं. तरी प्लाझ्मा उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून निघायला मे 2021 उजाडला.

आता दुसरी बाजू. डेक्सामेथासोन हे अनेक दशकं जुनं, अगदी स्वस्त स्टिरॉइड. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' ट्रायलने जून 2020 मध्ये दाखवून दिलं, की व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू त्याने 41.4 टक्क्यांवरून 29.3 टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवरच्या रुग्णांनाही फायदा झाला. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांच्यात फायदा नव्हता. उलट आकडे थोडे वाईटच होते: स्टिरॉइड घेतलेल्यांत 17.8 टक्के मृत्यू, न घेतलेल्यांत 14 टक्के.

या शेवटच्या ओळीकडे आपल्याकडे दुर्लक्ष झालं. घरीच असलेल्या, ऑक्सिजन ठीक असलेल्या रुग्णांनाही स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या. 2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची जी लाट पाहिली, तिच्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा गरजेपेक्षा जास्त वापर ही दोन मोठी कारणं होती.

स्टिरॉइडची गोष्ट कोरोनापुरती राहिली नाही. फ्रान्समध्ये अतिदक्षता विभागातल्या गंभीर न्यूमोनियाच्या सुमारे 800 रुग्णांवर हायड्रोकॉर्टिसोनची ट्रायल झाली आणि 2023 मध्ये तिचा निकाल आला. औषध मिळालेल्यांत 28 दिवसांत 6.2 टक्के रुग्ण दगावले, न मिळालेल्यांत 11.9 टक्के. म्हणजे तेच कुळ, तीच शिस्त: आयसीयूत जीव वाचवणारं औषध घरच्या खोकल्यावर घेण्यासारखं असेलच असं नाही.

मग आपली नेहमीची 'अझी'?

2019 मध्ये भारताच्या खासगी औषधबाजारात सर्वांत जास्त वापरलं गेलेलं अँटिबायोटिक म्हणजे अझिथ्रोमायसिनची 500 मिलिग्रॅमची गोळी होती. 2022 मध्ये 'लॅन्सेट'च्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात ही मोजदाद प्रसिद्ध झाली. कोरोनाच्या काळात तर ती गोळी प्रत्येक किटमध्ये होती.

रिकव्हरी ट्रायलने तिचीही परीक्षा घेतली. 7,763 दाखल रुग्णांत ती घेतलेल्यांपैकी 22 टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकीही 22 टक्केच.

बरं, कोरोना सोडा. नेहमीच्या 'छातीत कफ झालाय' या तक्रारीवर अँटिबायोटिक किती उपयोगी? युरोपातल्या 12 देशांत 2,061 प्रौढ रुग्णांवर अमॉक्सिसिलिनची ट्रायल झाली. न्यूमोनियाचा संशय असलेले त्यात घेतले नव्हते. 2013 मध्ये आलेल्या निकालात दिसलं, की अँटिबायोटिक घेणाऱ्यांचा त्रास साधारण सहा दिवस टिकला आणि नुसती साधी गोळी घेणाऱ्यांचा सात दिवस. हा फरक इतका लहान होता, की तो योगायोगाचाही असू शकतो. साठीच्या पुढच्यांतही वेगळा फायदा दिसला नाही. उलट मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ हे मात्र अँटिबायोटिक घेणाऱ्यांत जास्त होतं.

मुलांवरही अशी ट्रायल झाली. ब्रिटनमध्ये 432 मुलांचा निकाल 2021 मध्ये आला. छातीचा संसर्ग पण न्यूमोनियाचा संशय नाही, अशी ही मुलं होती. अँटिबायोटिक मिळालेल्यांचा त्रास साधारण पाच दिवस, न मिळालेल्यांचा सहा दिवस. इथेही फरक ठाम म्हणता येईल इतका नव्हता.

एवढा थोडा फायदा असेल, तर 'घेतली तर बिघडलं काय' असं वाटू शकतं. बिघडतं ते पुढे. आपल्या आतड्यात, घशात, त्वचेवर असंख्य जिवाणू राहतात. दर वेळी अँटिबायोटिक घेतलं की त्यातले दुबळे मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात आणि घरातल्या दुसऱ्यांपर्यंतही पोचतात. पुढे त्याच माणसाला खरा न्यूमोनिया झाला किंवा ऑपरेशननंतर संसर्ग झाला, तर स्वस्त आणि साधी औषधं चालत नाहीत. मग महागडी इंजेक्शनं, आयसीयू आणि लाखांत जाणारं बिल.

अँटिबायोटिक कधी जीव वाचवतं? गडचिरोलीचं उत्तर

इथवर वाचून कुणाला वाटेल, की अँटिबायोटिक म्हणजे वाईटच. तसं अजिबात नाही, आणि याचा सगळ्यांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातलाच आहे.

1980च्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या 102 गावांत काम केलं. 58 गावांत आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आणि तो आढळला तर को-ट्रायमॉक्साझोल हे साधं अँटिबायोटिक द्यायला सांगितलं. उरलेल्या 44 गावांत हा उपक्रम नव्हता, ती तुलनेसाठी. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. उपक्रमाच्या गावांत न्यूमोनिया होऊन उपचार मिळालेल्या 612 मुलांपैकी 0.8 टक्के दगावली. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी हे प्रमाण 13.5 टक्के होतं.

यातली खरी युक्ती औषधाइतकीच निदानात होती. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. बाळाचे श्वास मोजायचे. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आज कुठल्याही घरात करता येते. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट-छाती किती वेळा वर होते ते मोजायचं.

दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास.
दोन महिने ते एक वर्ष: 50 किंवा जास्त.
एक ते पाच वर्षं: 40 किंवा जास्त.

खोकला असलेल्या बाळाचे श्वास या आकड्यांच्या पुढे असतील, तर ग्रुपवर विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर थेट हॉस्पिटल गाठा.

कोर्स किती दिवसांचा?

'अँटिबायोटिकचा कोर्स जितका लांब तितका चांगला' हा आणखी एक समज. न्यूमोनियाबाबत तो मोडण्यात भारतातल्या ट्रायलचाही वाटा आहे. देशातल्या सात रुग्णालयांच्या ओपीडीत, साधा न्यूमोनिया झालेल्या पाच वर्षांखालच्या 2,188 मुलांना अमॉक्सिसिलिन दिलं. निम्म्यांना तीन दिवस, निम्म्यांना पाच दिवस. 2004 मध्ये आलेला निकाल असा: तीन दिवसांच्या गटात 89.5 टक्के मुलं बरी झाली, पाच दिवसांच्या गटात 89.9 टक्के. म्हणजे जवळपास सारखीच. 2021 मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधल्या आठशेवर मुलांच्या ट्रायलमध्येही तीन आणि सात दिवसांत फरक दिसला नाही. दोन्ही गटांत 12.5 टक्के मुलांना पुन्हा अँटिबायोटिक लागलं.

याचा अर्थ तुम्ही स्वतःहून दोन दिवसांत गोळ्या बंद कराव्यात, असा नाही. टीबीसारख्या आजारात तर अर्धवट उपचार घातक ठरतात. अर्थ एवढाच, की डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर 'किती दिवस घ्यायचं?' हे विचारणं योग्य आहे, आणि उत्तर तीन किंवा पाच दिवस आलं तर डॉक्टर हलगर्जीपणा करताहेत असं समजू नका.

'दहापट प्रभावी' या बातमीचं काय?

नोव्हेंबर 2024 मध्ये एक चांगली बातमी आली. वोकहार्ट कंपनीने केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेच्या साहाय्याने तयार केलेलं नॅफिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते सादर झालं. औषधांना दाद न देणाऱ्या न्यूमोनियासाठी हे देशात घडवलेलं औषध आहे. दिवसाला एकदा, फक्त तीन दिवस. नव्या अँटिबायोटिकवर काम करायला जगभरातल्या कंपन्या फारशा उत्सुक नसताना हे घडलं, हे मोठंच आहे.

पण सोशल मीडियावर फिरली ती एकच ओळ: 'अझिथ्रोमायसिनपेक्षा दहापट प्रभावी'. अशी ओळ वाचताना थांबून विचारा: कशात दहापट? दहापट जास्त माणसं बरी होतात, असा त्याचा अर्थ होऊच शकत नाही. न्यूमोनियावर योग्य औषध मिळालेल्या बहुतेकांना बरं वाटतंच, त्याच्या दहापट कुठून आणणार? औषध बाजारात यायच्या आधीच्या मोठ्या ट्रायलमध्ये प्रश्न साधा असतो. आधीपासून वापरात असलेल्या चांगल्या औषधाच्या तुलनेत हे कमी तर पडत नाही ना? नॅफिथ्रोमायसिनची तुलना तिथे मॉक्सिफ्लॉक्सासिनशी झाली होती.

आणि असं औषध नेमकं कुणासाठी? जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या न्यूमोनियाच्या रुग्णासाठी. ते सर्दी-खोकल्यावर सर्रास वापरलं, तर काही वर्षांत त्याचीही अझिथ्रोमायसिनसारखीच गत होईल.

सिरपची बाटली आणि नागपूरचे वॉर्ड

मुलांच्या खोकल्यात अँटिबायोटिकइतकाच धोका कधी कधी साध्या वाटणाऱ्या बाटलीत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं किडनी निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. त्यांना साधा सर्दी-खोकला होता आणि 'कोल्ड्रिफ' हे सिरप दिलेलं होतं. तमिळनाडू सरकारच्या तपासणीत त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन 48.6 टक्के निघालं. 20हून अधिक मुलं गेली.

दोष भेसळीचा होता आणि त्याची जबाबदारी बनवणाऱ्यांची आणि तपासणाऱ्यांची आहे, आई-बापांची नाही. पण यातून एक मूळ प्रश्न उरतो: ते सिरप लागत होतं का? केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 रोजी सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीही ती साधारणपणे सुचवली जात नाहीत. मुलांचा असा खोकला बहुतेक वेळा आपोआप थांबतो.

मग घरी करायचं काय?

काहीच करायचं नाही, असं नाही. साध्या उपायांच्याही ट्रायल झाल्या आहेत.

ब्रिटनमध्ये 13,799 प्रौढांवर नाकात मारायच्या स्प्रेची ट्रायल झाली. दमा, मधुमेहासारखे आजार असलेले किंवा वारंवार सर्दी होणारे लोक त्यात होते. 2024 मधल्या निकालात, साधा मिठाच्या पाण्याचा स्प्रे वापरणाऱ्यांचे सहा महिन्यांतले आजारपणाचे दिवस सरासरी 6.4 भरले. न वापरणाऱ्यांचे 8.2. स्प्रे वापरणाऱ्यांत अँटिबायोटिकचा वापरही कमी झाला. हा सलाइन स्प्रे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो.

आजीच्या मधालाही आधार आहे. 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 14 अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाने खोकल्याला जास्त आराम पडल्याचं दिसलं. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीही देऊ नका, त्यातून विषबाधेचा दुर्मिळ पण गंभीर धोका असतो. बाकी भरपूर पाणी, विश्रांती, तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल.

फ्लूचं औषध ओसेल्टामिव्हिर, म्हणजे 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूच्या साथीत घराघरांत माहीत झालेलं टॅमिफ्लू. 2015 मध्ये आधीच्या ट्रायल्सचा एकत्र हिशेब झाला. प्रौढांचा त्रास त्याने साधारण एका दिवसाने कमी होतो, असं दिसलं. म्हणून तेही सगळ्यांसाठी नाही. गर्भवती, वयस्कर, आधीचे आजार असलेले यांच्याबाबत डॉक्टर वेगळा विचार करतात आणि ते लवकर सुरू करावं लागतं.

एक अडचण मान्य करायला हवी

हे सगळं वाचायला सोपं आहे. पण हातावर पोट असलेल्या माणसाला डॉक्टर 'तीन दिवस वाट पाहा, मग पुन्हा या' म्हणतात, तेव्हा त्याला दिसतो तो बुडणारा रोजगार आणि दुसऱ्यांदा द्यावी लागणारी फी. म्हणून तो म्हणतो, "एकदाच स्ट्राँग द्या." गोळी दिली नाही तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जाईल, हे डॉक्टरलाही माहीत असतं. दोघांनाही दोष देऊन हे सुटत नाही.

यावर एक मधला मार्ग तपासून पाहिला गेला आहे. डॉक्टर चिठ्ठी आजच देतात, पण सांगतात, "गोळ्या लगेच आणू नका. अमुक दिवसांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तरच आणा." दुसरी फेरी वाचते, धीरही राहतो. अशा ट्रायल्सच्या एकत्रित आढाव्यात दिसलं, की लगेच औषध दिलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोक अँटिबायोटिक घेतात, तर अशी 'थांबून घ्या' चिठ्ठी मिळालेल्यांपैकी जवळपास 30 टक्केच. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून विचारू शकता, "डॉक्टर, दोन दिवस थांबलो तर चालेल का? कुठलं लक्षण दिसलं तर सुरू करू?"

कधी थांबायचं नाही?

मोठ्या माणसाला धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळे पडत असतील, बोलण्यात गोंधळ होत असेल, ताप उतरून पुन्हा जोरात चढला असेल किंवा तीन-चार दिवसांनंतरही उतरत नसेल, तर वाट पाहू नका. साठीच्या पुढचे, मधुमेह-दमा-हृदयविकार असलेले, गर्भवती आणि लहान बाळं यांच्यासाठी हा उंबरठा आणखी खाली ठेवा.

आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्या. विषाणूचा खोकला तीन आठवडेही टिकू शकतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण टीबी असेल तर उशीर परवडत नाही. ही तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स मनाने घेतली तर टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं, हे मनाने गोळी न घेण्याचं आणखी एक कारण.

पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी विचारलं, "खोकल्याला काय घ्यावं?", तर गोळीच्या फोटोऐवजी तीन प्रश्न पाठवा. किती दिवस झाले? धाप लागतेय का? घरात लहान बाळ किंवा वयस्कर कुणी आजारी आहे का? या तीन उत्तरांवरून घरी थांबायचं, उद्या दवाखान्यात जायचं की आत्ताच हॉस्पिटल गाठायचं, याचा पहिला अंदाज येतो. गोळी कुठली, हे त्यानंतर तपासून डॉक्टरांनी सांगायचं.